बर्गन (नॉर्वे): पायी फिरणाऱ्यांसाठी नेमकी माहिती

पायवाट

नॉर्वेला जाणारे बरेच जण बर्गनला जेमतेम एक रात्र देतात, सकाळी फ्योर्डच्या बोटीत बसतात आणि पुढे निघतात. हे शहर त्याहून जास्त वेळ देण्याजोगं आहे. शिवाय इथे गाडी लागत नाही, उलट तिची अडचणच होते. प्रश्न सुटे सुटे येत राहतात, म्हणून सगळं एका जागी आणण्यासाठी हा धागा. माहीतगारांनी भर घालावी.

आधी शहराची ठेवण. वॉगन नावाची अरुंद खाडी शहरात आत शिरते. तिच्या ईशान्येच्या काठावर ब्रिगेनची लाकडी घरं आणि पुढे बर्गनहूस किल्ला, नैऋत्येला नोर्डनेसचा लांबट भूभाग, आणि टोकाला तोर्गेत, म्हणजे मासळीबाजाराचा चौक. तोर्गेतपासून रेल्वे स्टेशन दहा मिनिटांवर, किल्ला दहा-बारा मिनिटांवर, नोर्डनेसचं टोक निवांत चालत अर्ध्या तासावर. पण सपाट म्हणता येईल अशी पट्टी काठाकाठानेच आहे. दोन गल्ल्या आत गेलात की पायऱ्या सुरू होतात. त्यामुळे हॉटेल निवडताना नकाशावरचं अंतर पाहून थांबू नका, उंचीही बघा. तोर्गेतपासून ५०० मीटर लिहिलेलं घर ६० मीटर उंचावर असू शकतं, आणि चाकांची बॅग दगडी फरसावरून वर ओढणं फार जड जातं.

भोवती सात डोंगर मानले जातात. उल्रिकेन सगळ्यांत उंच, ६४३ मीटर. शहराला अगदी लागून फ्लॉयेन, त्याचा सज्जा ३२० मीटरवर.

अर्ध्या दिवसाच्या दोन चाली सुचवतो.

पहिली: तोर्गेत, ब्रिगेनच्या दर्शनी घरांसमोरून जाऊन मधल्या लाकडी बोळांत आत, मागच्या अंगाला शॉत्स्तुएने (व्यापाऱ्यांच्या सभेच्या खोल्या), मग मारियाकिर्केन. हे बाराव्या शतकातलं चर्च शहरातली सगळ्यांत जुनी वास्तू आहे. शेजारीच ब्रिगेन संग्रहालय. पुढे किल्ल्यात होकॉनचं सभागृह, जे १२६१ साली पूर्ण झालं, आणि सोळाव्या शतकातला रोझेनक्रांत्झ बुरूज. परतताना काठाने येऊ नका, वरच्या अंगाच्या ऊव्रेगातेन रस्त्याने या. तो थेट फ्लॉयेनच्या रेल्वेच्या खालच्या स्टेशनापाशी उतरतो.

दुसरी: तोर्गआल्मेनिंगेन चौक, क्लोस्टरेतच्या उतारावरची पांढरी लाकडी घरं, तिथून नोर्डनेस पार्क. पार्कात सिएटल शहराने भेट दिलेला टोटेम खांब आहे, पलीकडे खुला समुद्रमार्ग. येताना खालच्या स्ट्रांडगातेनने परत. या चालीला गर्दी जवळजवळ नसते. एकच चाल जमणार असेल आणि क्रूझची दोन-तीन जहाजं धक्क्याला लागलेली असतील, तर हीच घ्या.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: डोंगराचा दिवस घरून ठरवून येऊ नका. संग्रहालयं कोणत्याही दिवशी होतात, डोंगर होत नाही. तीन दिवस असतील तर तिन्ही दिवस सकाळी वर बघायचं आणि मोकळं दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवून चढायचं.

रानवारा

चांगला धागा. पावसाचं मी लिहितो, कारण बर्गनच्या बहुतेक सहली तिथेच फसतात.

वर्षाला साधारण २,२०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दोनशेहून जास्त दिवस पडतो. अटलांटिकवरून येणारे दमट पश्चिमी वारे किनाऱ्याच्या डोंगरांवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. शहर नेमकं या भिंतीच्या पायाशी आहे. २००६ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला पाऊस सलग ८५ दिवस रोज थोडा तरी पडत राहिला होता. त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल ते जून. सप्टेंबरपासून जोर वाढतो तो थेट जानेवारीपर्यंत.

पण पाऊस तुम्हाला अडवत नाही, ढग अडवतो. झिमझिम पावसातही फ्लॉयेनवरून शहर दिसतं. ढग ३०० मीटरवर उतरला की कोरड्या दिवशीही पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसणार नाही. म्हणून अंदाजात पावसाच्या थेंबाचं चित्र पाहून बेत रद्द करू नका. लिले लुंगेगोर्सवान तळ्याच्या काठावर उभं राहून उल्रिकेनच्या माथ्यावरचा मनोरा दिसतोय का ते बघा. तो स्वच्छ दिसला तर वरची वाट मोकळी आहे. यर हे तिथल्या हवामान खात्याचं आणि सरकारी प्रसारण संस्थेचं ॲप. त्यात पुढच्या दीड तासाचा पाऊस मिनिटांच्या हिशोबाने दिसतो. तो भाग भरवशाचा आहे. पाच दिवसांनंतरचा अंदाज मात्र वाचूच नका.

आता कपडे. छत्री चालत नाही. खाडीवरचा वारा कोपऱ्याकोपऱ्यावर दिशा बदलतो आणि तिच्या काड्या मोडतात. जॅकेट घेताना शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हे आधी पाहा. जलरोधक क्षमता १०,००० मिमी किंवा जास्त हवी. जुनं जॅकेट असेल तर त्यावर पाणी शिंपडून बघा. थेंब गोल होऊन ओघळले तर ठीक. कापड पाणी पिऊन गडद झालं तर वरचा लेप गेला. मग आत पाणी शिरलं नाही तरी घाम बाहेर जात नाही आणि माणूस आतूनच भिजतो. धुऊन लेपाचा फवारा मारला, त्या लेबलवर चालत असेल तेवढी ऊब दिली, की बहुधा सुधारतं.

जीन्स नको. भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या गारठतात. आत लोकरीचा पातळ थर हवा, तो ओला झाला तरी ऊब धरतो.

बुटांकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. ब्रिगेनच्या बोळांतल्या फळ्या, ओला दगडी फरस आणि डोंगरावरचा गुळगुळीत खडक, तिन्हीवर झिजलेला किंवा कडक तळवा सरकतो. मऊ रबराचा, खोल खाचांचा तळवा घ्या. रात्री आतला सोल बाहेर काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने एकदा बदला. हीटरवर ठेवू नका, चिकटवलेला तळवा सुटतो.

पाठपिशवीला वरून घालायचं कव्हर वाऱ्याने उडतं आणि पाठीकडून पाणी शिरतंच. त्यापेक्षा आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून बंद करा.

अबोली

दोघांचेही आभार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं आहे. सोबत सासूबाई, वय ७२, गुडघ्यांचा त्रास. आणि दोन वर्षांचं बाळ ढकलगाडीत. फ्लॉयेनला रेल्वेने जाऊन पायी खाली येणं सगळीकडे सुचवलेलं दिसतं. जमेल का?

पायवाट

अबोली, सासूबाईंना पायी उतरवू नका. गुडघ्यांना चढणीपेक्षा उतरण जास्त बाधते आणि ही उतरण ३२० मीटरची सलग आहे. त्यांनी दोन्ही वेळा रेल्वेनेच जावं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात पण दम आहे, त्यांनीसुद्धा पायी चढून रेल्वेने उतरावं. सगळीकडे उलटं सुचवतात, ते मला पटत नाही.

फ्लॉयबानेन ही तारेवर ओढली जाणारी रेल्वे १९१८ पासून चालू आहे. खालचं स्टेशन तोर्गेतपासून दोन-तीन मिनिटांवर, वर पोचायला सहा-सात मिनिटं. ढकलगाडी आणि चाकांची खुर्ची दोन्ही आत जातात. वरचा सज्जाही सपाट आहे. उन्हाळ्यात साधारण दहा ते चार ही वेळ टाळा. क्रूझचे प्रवासी त्याच वेळात असतात आणि रांग रस्त्यापर्यंत येते. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठ-नऊ वाजता गेलात तरी भरपूर उजेड असतो आणि सज्जा बराच मोकळा मिळतो. बंदरात त्या दिवशी किती जहाजं आहेत हे बंदराच्या संकेतस्थळावरच्या यादीत आधीच कळतं.

वर पोचल्यावर बहुतेक लोक फोटो काढून परत फिरतात. तुम्ही ढकलगाडी घेऊन स्कोमाकरडिकेत या छोट्या तळ्यापर्यंत जा. रुंद, दाबलेल्या खडीचा रस्ता आहे, पंधरा मिनिटांच्या आत पोचता. मोठ्या चाकांची गाडी असेल तर उत्तम, लहान जुळी चाकं खडीत अडकतात. वाटेत बसायला बाकं आहेत. सज्ज्याजवळच मुलांसाठी खेळायची मोठी जागा आहे. मोकळ्या फिरणाऱ्या शेळ्या दिसतील. त्यांच्या गळ्यात हद्द ओळखणारे पट्टे असतात. त्यांना खायला देऊ नका.

ज्यांना उतरायचं आहे त्यांच्यासाठी: सज्ज्यापासून सेंत्रुमच्या (शहराच्या मध्यभागाच्या) पाट्या धरा. नागमोडी रस्त्याने जंगलातून उतरत फ्येलवाइएन या आडव्या रस्त्याला लागता, तो ओलांडून स्कान्सेनच्या जुन्या पांढऱ्या अग्निशमन केंद्रापाशी. तिथून गल्ल्यांच्या पायऱ्या खाली शहरात. सुमारे तीन किलोमीटर, पाऊण तास. चढताना तासभर धरा.

फ्येलवाइएन हीसुद्धा वेगळी चाल होऊ शकते. डोंगराच्या कमरेवरून जवळजवळ सपाट जाते, रहदारी नगण्य, आणि खाली लाल-करड्या छपरांमधून खाडी दिसत राहते. फ्लॉयबानेनचं याच नावाचं मधलं स्थानक आहे. सासूबाईंना तिथे उतरवून अर्धा तास या रस्त्याने चालवता येईल. मात्र मधल्या स्थानकांवर गाडी मागणीप्रमाणे थांबते, चढताना कर्मचाऱ्याला विचारून घ्या.

निशिगंध

वाहतुकीचं लिहिते.

विमानतळावरून ब्यूबानेन ही ट्राम थेट शहरात ब्यूपार्केनला येते, पाऊण तास लागतो. ही मार्गिका विमानतळापर्यंत २०१७ साली पोचली. विमानतळाची बस निम्म्या वेळात येते पण तिकीट बरंच महाग. सामान कमी आणि वेळ असेल तर ट्रामच घ्यावी. सगळ्या दारांना फलाट समपातळीत आहे, ढकलगाडी उचलावी लागत नाही.

तिकीट चढण्याआधी घ्यायचं, स्किस (Skyss) या स्थानिक वाहतूक संस्थेच्या ॲपवर किंवा फलाटावरच्या यंत्रावर. ट्रामच्या आत तिकीट मिळत नाही. ॲपमध्ये विकत घेतल्यावर तिकीट लगेच सुरू करायचं की नंतर, हा पर्याय येतो. तिथे चूक होते. तिकीट घेतलेलं असतं, सुरू केलेलं नसतं, आणि तपासनीस ते विनातिकीट धरतो. दंड तिकिटाच्या कित्येक पट असतो. फलाटावर उभं असतानाच पडद्यावर उरलेली मिनिटं मोजायला लागलीत का हे पाहा.

ओस्लोहून येणाऱ्यांना रेल्वे साडेसहा-सात तास घेते. ही १९०९ साली सुरू झालेली मार्गिका. मधलं फिन्से स्थानक १,२२२ मीटरवर आहे, जूनमध्येही आजूबाजूला बर्फ दिसू शकतो. तिकिटाचे दर विमानासारखे वरखाली होतात, जितकं आधी काढाल तितकं स्वस्त.

मुसळधार पावसाच्या दिवसासाठी एक वेगळी जागा: लोव्स्टाकेन डोंगराखालचा फ्युलिंग्सडालेन बोगदा. २०२३ साली उघडला, २.९ किलोमीटर लांब, फक्त सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी. पादचाऱ्यांची पट्टी वेगळी आणि पायाला मऊ. सायकलींच्या पट्टीत पाय टाकू नका, उतारावर त्या जोरात येतात. दोन नंबरच्या ट्रामने क्रिस्तियानबोर्गला उतरा, पलीकडे पोचायला ३५-४० मिनिटं, परत ट्रामने. रात्री उशिरा दारं बंद होतात.

सागरगोटा

उल्रिकेन ते फ्लॉयेन ही डोंगरमाथ्यावरची चाल कोणी सविस्तर लिहील का? ट्रेकची सवय आहे, पण नॉर्वेतल्या खुणा, अंतरं याचा अंदाज नाही. शिवाय डोंगर चढायच्या प्रसिद्ध दगडी पायऱ्यांपैकी कोणत्या चढाव्यात?

रानवारा

सागरगोटा, या चालीला विडेन म्हणतात. १३ ते १५ किलोमीटर, मजल-दरमजल पाच-सहा तास. सरावलेले चार तासांत करतात, पण ओल्या खडकावर तो वेग धरू नका.

दिशा उल्रिकेनकडून फ्लॉयेन अशीच ठेवा. सगळ्यांत उंच जागा सुरुवातीलाच होते, वाऱ्याचा सगळ्यांत उघडा पट्टा ताज्या पायांनी पार पडतो, आणि शेवटी थकलेलं असताना शहर पायाशी असतं. नको वाटलं तर फ्लॉयबानेनने उतरता येतं.

उल्रिकेनला केबल कारने जायचं तर दोन नंबरच्या ट्रामने हाउकेलांड रुग्णालयाच्या स्थानकावर उतरा आणि थोडा चढ चालून खालच्या स्टेशनावर जा. निघण्याआधी केबल कार चालू आहे का ते बघाच, जोराच्या वाऱ्यात ती बंद ठेवतात. शहरात वारा जाणवत नसला तरी ६०० मीटरवर तो असतो. दर शंभर मीटरला तापमान साधारण अर्धा-पाऊण अंशाने उतरतं, म्हणजे खाली १२ असेल तर माथ्यावर आठ, आणि वाऱ्याने त्याहून कमी भासतं. टोपी आणि हातमोजे जूनमध्येही सोबत असू द्या.

वाट खडकाचं पठार, छोटी तळी आणि दलदलीचे तुकडे यांवरून जाते. खुणा म्हणजे दगडांचे रचलेले ढीग. उघड्या हवेत एका ढिगापाशी उभं राहिलं की पुढचा दिसतो. धुक्यात नाही दिसत, आणि चुका तिथेच होतात. नियम साधा: पुढचा ढीग दिसत नसेल तर आधीच्यापाशी थांबा, फोनवरचा नकाशा उघडा, जागा नक्की करा, मगच पाऊल टाका. दोन ढिगांच्या मध्ये अंदाजाने भरकटू नका. डावीकडे इस्दालेनच्या दरीकडे उतरणारा गवताळ उतार सोपा वाटतो, पण खाली तीव्र होत जातो. शॉर्टकट म्हणून तिकडे वळू नका.

दलदलीत हिरवंगार, मऊ दिसणारं शेवाळं टाळा, तिथे घोट्याच्या वर पाय जातो. तपकिरी गवताचे गड्डे किंवा दगड धरून चाला. काही ठिकाणी फळ्या टाकल्या आहेत. पावसात त्या खडकापेक्षा जास्त निसरड्या, पाय आडवा टाकून लहान पावलांनी.

मध्यावर टुर्नरहिटेन नावाची झोपडी लागते. ती उघडी असेल असं गृहीत धरू नका. दीड लिटर पाणी आणि दोन वेळचं खाणं पाठीवर असावं. शेवटचा टप्पा रुंडेमानेन, ५६८ मीटर. तिथून पुढे खडीचा रस्ता सुरू होतो आणि रस्ता चुकण्याची भीती संपते. फ्लॉयेनपर्यंत अजून तासाभराचं अंतर उरतं, ते हिशोबात धरा.

बर्फ नोव्हेंबरपासून असू शकतो आणि माथ्यावर मे महिन्यापर्यंत रेंगाळतो. अनोळखी माणसाने जून ते सप्टेंबर याच काळात ही चाल करावी.

नकाशा उतरवून घ्या, ऑफलाइन चालेल असा. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. वैद्यकीय मदतीला ११३, पोलिसांना ११२. येल्प ११३ (Hjelp 113) नावाचं ॲप आहे, त्यातून फोन लावला की तुमची जागा मदत केंद्राला आपोआप कळते. निघताना हॉटेलात मार्ग आणि परतायची वेळ सांगून जा. नॉर्वेत डोंगराचे नऊ नियम प्रसिद्ध आहेत. त्यातला आठवा असा की वेळेत माघारी फिरा, त्यात कमीपणा नाही. उल्रिकेनवर ढग असेल तर हा नियम तिथेच लावा आणि केबल कारने खाली या.

पायऱ्यांचं: दोन प्रसिद्ध जागा. उल्रिकेनच्या उतारावरच्या मोंटाना वस्तीपासून माथ्यापर्यंत ऑपस्टेम्टेन, १,३३३ पायऱ्या. आणि सांडविकेनच्या अंगाला स्टोल्ट्सेक्लाइवेन, सुमारे ९०० मीटर अंतरात तीनशे मीटरहून जास्त चढ. दोन्हींवरचं दगडी काम नेपाळहून आलेल्या शेर्पांनी केलं आहे. मोठाले दगड, मध्ये सांधा जवळजवळ दिसत नाही, बसवलेले इतके पक्के की वजन टाकल्यावर हलत नाहीत. मात्र पायरीची उंची सारखी नाही. काही गुडघ्याएवढ्या आहेत, त्यामुळे लय लागत नाही.

मी स्टोल्ट्सेक्लाइवेन सुचवेन. शहरातून चालत जाता येतं, आणि वरून परत न फिरता तळ्यांच्या कडेने फ्लॉयेनकडे जाता येतं, दोनेक तासांत. त्या पायऱ्यांनी खाली येऊ नका. ओल्या असताना धोका आहेच, शिवाय अरुंद जागी चढणाऱ्यांची वाट अडते. पायी उतरायचंच असेल तर मुंकेबोतनच्या बाजूने रस्ता आहे.

दीपस्तंभ

ब्रिगेनवर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण लोक समोरच्या रंगीत घरांचा फोटो घेऊन पुढे जातात आणि खरं पाहायचं ते मागे राहतं.

१३६० च्या सुमारापासून १७५४ पर्यंत इथे हान्सा संघाची, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाची, जर्मन व्यापारी पेढी होती. लंडन, ब्रूज आणि नोव्गोरोद या बाकीच्या तीन मोठ्या पेढ्या. उत्तर नॉर्वेतून वाळवलेला कॉड मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. १७०२ च्या आगीत शहराचा फार मोठा भाग जळाला आणि ही घरं जुन्याच आराखड्यावर पुन्हा बांधली गेली. म्हणून इमारती अठराव्या शतकातल्या, पण बोळांची मांडणी मध्ययुगीन. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आत गेल्यावर वर बघा. दोन रांगांमधले सज्जे, माल उचलायच्या कप्प्या, बाहेरून जाणारे जिने. लाकडी घरांत आग पेटवायला बंदी होती, म्हणून हिवाळ्यात जेवणं आणि बैठका मागच्या शॉत्स्तुएनेत व्हायच्या. या दोन जागा पाठोपाठ पाहिल्या तरच पेढीचं आयुष्य समजतं. हान्सा संग्रहालयाची मुख्य इमारत २०१८ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवली आहे, जाण्याआधी स्थिती तपासा.

दरवाजे आणि चौकटी तिरप्या दिसतात त्याचं कारण जमिनीखाली आहे. खाली शतकानुशतकांचे लाकडी थर आणि भराव आहे. तो पाण्यात बुडालेला असेपर्यंत टिकतो. शेजारच्या नव्या बांधकामामुळे भूजल खाली गेलं, लाकडाला हवा लागली, ते कुजू लागलं आणि घरं खचू लागली. आता पावसाचं पाणी मुद्दाम जमिनीत मुरवून पातळी पुन्हा वर आणली आहे. दुरुस्ती कायम चालू असते. एखाद्या घराला पालं लावलेली असतील तर वैतागू नका, सुतार जुन्या पद्धतीने लाकूड बसवतात ते जवळून पाहायला मिळतं.

१९५५ च्या आगीत ब्रिगेनचा मोठा भाग गेला. त्या जागी वर्षानुवर्षं उत्खनन झालं, रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले सहाशेहून जास्त लेख सापडले. लाकडाच्या काटक्यांवर कोरलेली मालाच्या मालकीची चिठ्ठी, निरोप, प्रेमाचे दोन शब्द. ब्रिगेन संग्रहालय त्याच जागेवर उभं आहे. तासभर तरी द्या.

आणि शहरातले ते अवाढव्य रुंद, उतरते चौक? आल्मेनिंग. आग एका वस्तीतून दुसरीत जाऊ नये म्हणून सोडलेले पट्टे ते. १९१६ च्या आगीनंतर तोर्गआल्मेनिंगेन आजच्या रूपात आला.

कवडसा

बर्गन कार्ड घ्यावं का? दोन दिवस आहे.

निशिगंध

हिशोब करूनच. कार्ड २४, ४८, ७२ आणि ९६ तासांचं मिळतं. त्यात ट्राम-बस मोफत, बरीच संग्रहालयं मोफत किंवा सवलतीत. विमानतळाची ट्राम दोन्ही वेळा, कोडे (KODE) या संग्रहालयाची कलादालनं (चित्रकार मुंकच्या चित्रांचा चांगला संग्रह), ब्रिगेन संग्रहालय आणि संगीतकार ग्रीगचं ट्रोल्डहाउगेन, एवढं दोन दिवसांत करणार असाल तर वसूल होतं. दिवसभर डोंगरात असाल तर नाही. घड्याळ पहिल्या वापरापासून धावतं, तेव्हा दुपारी सुरू केलं तर तिसऱ्या दिवशीची सकाळही त्यात बसते.

ट्रोल्डहाउगेनला होप स्थानकावरून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं, पाट्या आहेत. त्याच मार्गिकेवर फानतोफ्तला उतरून स्टेव्ह चर्च, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर बांधलेलं चर्च, पाहता येतं. मूळ वास्तू १९९२ साली जाळली गेली, आताची १९९७ ची प्रतिकृती. आतून फक्त उन्हाळ्यात.

अबोली

खाण्याचं कसं? घरात तिघं शाकाहारी.

पायवाट

किराण्याची दुकानं हाच आधार. किवी, रेमा १०००, कूप. ब्रेड, दही, चीज, फळं, डबाबंद चणे-राजमा, तयार फलाफल सगळीकडे असतं. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर खर्च निम्म्यावर येतो, कारण बाहेरचं जेवण फार महाग आहे. गोड गोळ्या, काही मिष्टान्नं यांत जिलेटिन असतं, फोनच्या कॅमेऱ्याने लेबल वाचून घ्या. चीज करताना दूध गोठवायला वापरलेलं रेनेट प्राणिजन्य असू शकतं, ते चालत नसेल तर व्हेगन फळी पाहा. स्किलिंग्सबोले हा दालचिनीचा पाव बेकरीत नक्की घ्या, गरम असतानाच. त्यात लोणी असतं, अंडं चालत नसेल तर विचारा.

रविवारी मोठी दुकानं बंद. कायद्याने शंभर चौरस मीटरपर्यंतची छोटी दुकानंच उघडी राहू शकतात, त्यांत निवड कमी आणि दर चढे. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचं भरून ठेवा, विशेषतः बाळाचं दूध आणि लंगोट.

नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका. घेतल्याच तर दोन किंवा तीन क्रोनर अनामत लागते, दुकानातल्या यंत्रात बाटली न चेपता टाकली की पावती मिळते. रोख रकमेची गरज जवळजवळ पडत नाही, पण कार्डाचा चार अंकी पिन पाठ असू द्या.

रानवारा

डोंगरावर चूल पेटवायचा विचार कोणी करत असेल तर: १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि त्याच्या आसपास उघड्या आगीला देशभर बंदी असते. मोकळ्या रानात कुणालाही चालायचा हक्क १९५७ च्या कायद्याने आहे, तंबूसाठी मात्र घरांपासून १५० मीटर अंतर हवं, आणि फ्लॉयेनच्या परिसरात स्थानिक बंदीच्या पाट्या असतात त्या वाचाव्यात.

कवडसा

आणि डिसेंबर? आमची सुट्टी तेव्हाच असते.

रानवारा

जमतं, पण बेत वेगळा हवा. महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. डोंगरामागे तो त्याआधीच जातो. उघड्यावरचं सगळं अकरा ते अडीचमध्ये बसवा, संग्रहालयं नंतर. थंडी फार नसते, तापमान शून्याच्या वरखाली घुटमळतं, आणि त्रास त्यातूनच होतो. दिवसा पाऊस, रात्री तो गोठतो, सकाळी फरसावर काळसर, पारदर्शक बर्फ. तो ओल्या दगडासारखाच दिसतो. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे खेळाच्या किंवा बुटांच्या दुकानात मिळतात, पोचल्याबरोबर घ्या. टाच आणि चवडा दोन्हीकडे खिळे असलेले घ्या. फक्त टाचेचे उतारावर उपयोगी पडत नाहीत. दुकानात किंवा संग्रहालयात शिरताना काढायचे, गुळगुळीत फरशीवर तेच घसरवतात.

फ्लॉयेनला त्या दिवसांत जाता-येता रेल्वेनेच. नागमोडी रस्ता झाडांच्या सावलीत असतो आणि तिथला बर्फ शहरातला वितळल्यावरही कित्येक दिवस टिकतो. ऊव्रेगातेनच्या वरच्या गल्ल्यांतल्या पायऱ्यांना कठडे आहेत, पण ते एकाच बाजूला. उतरताना कठड्याची बाजू धरा आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्या.